सही करण्याआधी ताब्याची तारीख बघा

उद्यानातला शनिवार-रविवारचा कारागीर बाजार चालवायला तुमच्या संस्थेची निवड झाली, स्वीकृतीपत्र आलं, करारनामा सहीसाठी समोर आहे आणि वीजजोडणीचं विचारलं की "ते होऊन जाईल" एवढंच उत्तर मिळतंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. आमचं नेमकं इथेच बिनसलं होतं.

निविदा, बयाणा वगैरे तुम्ही पार केलंय, त्यात जात नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय: परवाना शुल्क कोणत्या तारखेपासून मोजणार? आमच्या करारात ते स्वीकृतीपत्राच्या दिनांकापासून होतं. बदलून मागितलं तर "नमुना करार आहे, एक शब्दही बदलत नाही". जागा उद्यान विभागाची, पण तिथली वीज दुसऱ्या कार्यालयाच्या अखत्यारीत. नाव घेत नाही, पण त्या कार्यालयाने आमचा अर्ज चक्क दाबून ठेवला. आज साहेब पाहणीला गेलेत, उद्या फाइल वर गेलीय. मग म्हणे नकाशावर स्टॉलचे क्रमांक नाहीत. क्रमांक टाकून नवा नकाशा दिला, तरी फाइलला जुनाच लावलेला. तोवर इकडे शुल्क चढतच होतं, आणि पहिल्या हप्त्याची नोटीस मात्र वेळेवर आली! आमच्या भरवशावर एका कुंभार ताईंनी दोन भट्ट्यांचा माल भाजून गवतात बांधून ठेवला होता. त्यांचा फोन आला की काय सांगायचं, हे त्या खिडकीमागच्या माणसाला कधी ठरवावं लागत नाही. माझा तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही अडून बसा. शुल्क सुरू होईल ते संयुक्त पाहणी होऊन, वीज चालू स्थितीत जागेचा ताबा मिळाल्याच्या दिवसापासून. करारात घेत नसतील तर तसं खुलासापत्र सहीआधी मागा. तोंडी शब्दावर विसंबू नका, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

दुसरं, "कधीही रद्द करता येईल" हे कलम काढून टाकण्यात शक्ती घालवू नका, असं माझं मत. (मी वकील नाही, करार वकिलाला दाखवाच.) हा भाडेपट्टा नसून परवाना आहे, म्हणजे जागेवर हक्क नाही, फक्त वापरायची परवानगी, आणि तो तसाच असायला हवा. बाग लोकांची, पालिका फक्त विश्वस्त. लखनौच्या झंडेवाला पार्कखालचं व्यापारी संकुल पाडून बाग पूर्ववत करायला सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावलं, ते याच तत्त्वावर. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर पार्कातल्या उपाहारगृहाचा वादही २०१४ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयापर्यंत गेला होता. शहराला तो करार संपवता येतो, म्हणून तो परवानाच, असं न्यायालयाने धरलं. तेव्हा कलम राहू द्या; त्याऐवजी नोटिशीची मुदत, आगाऊ शुल्काचा परतावा आणि ठरलेले बाजाराचे दिवस पार पाडायची मुभा मागा. कारागीर उघड्यावर पडत नाहीत, ते यामुळे.

किमान शुल्क किंवा उत्पन्नाचा टक्का, यातलं जे जास्त ते, अशी अट असेल तर "उत्पन्न" म्हणजे काय ते लिहून घ्या. तुमचं उत्पन्न म्हणजे स्टॉलचं भाडं. कारागिराची विक्री ही त्याची कमाई आहे. "एकूण उलाढाल" असा मोघम शब्द राहिला तर त्या विक्रीवरही टक्का लागेल आणि तो शेवटी कारागिराच्याच खिशातून जाईल.

विषय निघालाच आहे तर हिरवळीचंही सांगते. मंडपाला खुंट्या ठोकू देऊ नका, वाळूच्या गोण्या बांधा. हिरवळीखाली पाण्याच्या नळ्या असतात आणि एक फुटली की अनामत रकमेतून कापतात. मालाच्या गाड्या झाडांच्या घेराखाली उभ्या करू नका, माती दबून मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. ताबा घेतानाच उघडी पडलेली हिरवळ, तुटके कठडे यांचे फोटो काढा आणि पाहणीच्या कागदावर त्यांच्या माणसाची सही घ्या.

शुल्काचं कलम आहे तसं इथे टाका, नाव आणि रक्कम झाकून. शब्द बघून सांगते कुठे अडायचं ते.