पेपर आधी की थिसिस आधी?

प्रश्न: नमस्कार ताई, मी मास्टर्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, थिसिस जवळजवळ लिहून झालाय. आता गाईड म्हणतात पेपर पब्लिश झाल्याशिवाय सबमिट करता येणार नाही. सीनियर म्हणतात काही नाही गं, आमचं पेपरशिवायच झालं. ऑफिसात विचारलं तर "गाईडना विचारा". त्यात एका जर्नलचा मेल आलाय, फी भरा, तीन दिवसांत छापतो म्हणून. भरून टाकू का?

उत्तर: अगं थांब, पैसे अजिबात भरू नकोस, बाकीचं नंतर बोलू. आधी तुझ्या कोर्सचं नियमांचं पुस्तक काढ, आणि तेही तुझ्या अ‍ॅडमिशनच्या वर्षाचं, कारण नियम बदलला की तो बहुतेक नव्या बॅचपासून लागू होतो, म्हणजे तुझे सीनियर आणि गाईड दोघंही खरं बोलत असतील. मास्टर्सला पेपरची सक्ती सगळीकडे नसते, बऱ्याच ठिकाणी थिसिस आणि तोंडी परीक्षा एवढंच पुरतं. आणि सक्ती असलीच तर शब्द नीट वाच, तिथे "कम्युनिकेटेड" लिहिलंय की "अ‍ॅक्सेप्टेड" की "पब्लिश्ड". कम्युनिकेटेड म्हणजे नुसता पाठवलाय, ते आजही होईल, पण अ‍ॅक्सेप्ट व्हायला चांगल्या जर्नलात कित्येक महिने सहज जातात, रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, मिळेपर्यंतच दिवस जातात, मग मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा असं, आलं की परत तेच. नियमात कॉन्फरन्सचा पेपर चालत असेल तर तो रस्ता बघ, तिथे निदान तारखा आधी जाहीर असतात. आणि नियमात काहीच नसेल, नुसती गाईडची इच्छा असेल, तर गाईडला साधा मेल टाक की सर, थिसिस वेळेत देते आणि पेपर नंतर पाठवूया, चालेल का. उत्तर लेखी मिळू दे, तोंडी बोललेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही!

आता तो तीन दिवसांवाला मेल. तीन दिवसांत खरा पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होतच नाही. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या जर्नलसाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम ढळढळीत चुका घातलेला खोटा पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना (म्हणजे ज्यांतले पेपर कुणालाही फुकट वाचता येतात) पाठवून बघितला होता, त्यातल्या १५७ जणांनी तो घेतला. फी घेणारं प्रत्येक जर्नल फसवं असतं असं नाही हं, चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नलंसुद्धा फी घेतात, पण ती पेपर स्वीकारल्यावर, आणि आकडा वेबसाइटवर आधीच लिहिलेला असतो. "आमच्याकडे आयएसएसएन आहे" याला भुलू नकोस, तो नुसता ओळख नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही. स्कोपसमध्ये, म्हणजे निवडक जर्नलांच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या डेटाबेसमध्ये, आहोत म्हणत असतील तर त्यांच्या पानावरचा लोगो बघून गप्प बसायचं नाही, स्कोपसच्या यादीत स्वतः शोधायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा तिथे छापून आला की तो पेपर दुसरीकडे देता येत नाही, मागे घ्यायला गेलं तर त्याचेही पैसे मागणारे आहेत. वर्षभराची मेहनत अशी अडकून पडते.

आणि हो, घाईत एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवू नकोस, कळलं तर दोन्हीकडून परत येतो.

प्रश्न: डेटा मी गोळा केला, लिहिलं मी, पण पहिलं नाव गाईडचं आणि मध्ये एका अनोळखी माणसाचं. काय करू?

उत्तर: पहिल्या नावाचा रिवाज विषयागणिक बदलतो, गणितात बऱ्याचदा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, पण प्रयोगाच्या विषयांत जास्त काम करणारा सहसा पहिला. अनोळखी माणसाचं मात्र मला पटत नाही. मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोण याच्या चार अटी घातल्यात: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात, शेवटच्या मसुद्याला मंजुरी आणि चुकलं तर जबाबदारी. चारही हव्यात. बरीच जर्नलं कोणी काय केलं ते सबमिट करतानाच लिहून मागतात. तो रकाना गाईडसमोर बसून भर, आणि त्या नावापुढे काय लिहू सर, एवढंच विचार.