संशोधन शिकवायचंय? आधी वस्तीवर जा

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, संपताच नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीला लागलीस, छान. परीक्षा दे, पात्रतेसाठी ती हवीच. पण संशोधन पद्धती शिकवायची असेल तर दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम कर, हे मी अगदी मनापासून सांगते. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. या विषयात क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या कामाला, वर्गाइतकाच मान आहे, तो उगाच नाही.

मी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, प्रश्नावल्या भरत फिरले. "घरात किती माणसं?" एवढंच विचारलं आणि एक बाई गप्प झाली. गावी आजीजवळ ठेवलेली लेकरं मोजायची की नाही, हे तिला कळेना. खरं तर मलाही कळेना! 'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण, हे प्रश्नावली छापण्याआधी ठरवावं लागतं, ते मला तिथे उमगलं. आजही प्रश्नावली शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते.

सांख्यिकीला घाबरू नकोस. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर नंतर शीक, आधी पन्नास प्रश्नावल्यांचे तक्ते हाताने कर. पीएचडीचा विषय कामातूनच सापडू दे. आणि कितीही दमलीस तरी त्या दिवसाच्या नोंदी त्याच रात्री लिही. सकाळपर्यंत माणसांचे शब्द पुसट होतात.