रस्त्यावरची सावली आखायचं शिक्षण

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. कोल्हापुरात महाद्वार रोडवर कापडाचं दुकान, मुलगी बारावी सायन्सला, गणित बरं. पुण्यात मावशीकडं गेली तेव्हा जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फुटपाथ बघून आली आणि आता ‘मला असेच रस्ते आखायचेत’ म्हणते. तुम्ही विचारता, झाडं लावायला कसली पदवी? आणि तिनं सिव्हिल करावं म्हणून मीच तिला समजवावं, अशीही तुमची इच्छा दिसते.

तेवढं मी करणार नाही. सिव्हिल वाईट नाही. रस्त्याचा उतार, गटार, पाण्याचा निचरा सिव्हिलवाल्याशिवाय होत नाही. पण माणसं कुठून चालणार, कुठं टेकणार, सावली कुणावर पडणार हे ठरवतात लँडस्केप आर्किटेक्ट आणि अर्बन डिझायनर. ते शिक्षण बहुधा पदव्युत्तर असतं आणि त्याला आधी पाच वर्षांची बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, मागतात. म्हणून माझं मत बी.आर्क.ला. त्याच्या प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर 2ए. तिला चित्रापेक्षा नकाशे आणि आकडे आवडत असतील, तर चार वर्षांचं बी.प्लॅनिंग, त्याला पेपर 2बी. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर (एसपीए) या सरकारी संस्था आहेत. पुढं लँडस्केपसाठी अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, दिल्लीचं एसपीए, किंवा पुण्यात मुलींसाठीचं भानूबेन नानावटी महाविद्यालय.

आता ‘झाडं लावायला कसली पदवी’ याबद्दल. गुलमोहर फुलला की छान दिसतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या कुणाच्या डोक्यात पडतील सांगता येत नाही. बहावा तर ऐन एप्रिल-मेमध्ये, सावली हवी तेव्हाच, पानं टाकून पिवळा होतो. करंजाला उन्हाच्या तोंडावर नवी पालवी येते, पण तो पसरतो, त्याला जागा लागते. अरुंद रस्त्याला बकुळ बरा, फक्त वाढायला वेळ घेतो. आणि झाड कुठलंही निवडा, आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकून मुळांना ना पाणी ठेवतो ना हवा. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा, असं हरित लवादानं 2013 मध्येच बजावलंय. ते आळं किती मोठं, खालून केबल कुठून, ड्रेनेज कुठून, दुकानाची पाटी झाकली जाणार का, हे सगळं एकाच कागदावर बसवायचं असतं. फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या दारात ती मोजून बघा.

दारातल्या दुचाक्या हलवायच्या म्हटलं की पहिला विरोध दुकानदाराचा होतो. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही. उद्या तुमच्या मुलीला याच लोकांसमोर नकाशा पसरून बोलावं लागेल, फेरीवाल्यांसमोरही. 2014 च्या कायद्यानं त्यांनाही हक्क दिलाय. घरात असा एक श्रोता आयता आहे, हे तिचं नशीबच म्हणायचं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मास्टर्ससह सात वर्षं जातात आणि आर्किटेक्टचा सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. असलं काम महापालिका बहुधा सल्लागारांकडून करून घेतात आणि अशी कार्यालयं जास्त करून पुणे, मुंबई, बंगळुरू, अहमदाबादकडं. कोल्हापुरात निव्वळ यावर पोट भरणं आज कठीण. घरांची, बंगल्यांची कामं जोडीला घ्यावी लागतील. पोरगी लगेच कमावती व्हायला हवी असेल, तर सिव्हिलचा तुमचा आग्रह मी समजू शकतो.

फी भरण्याआधी तिला एक काम सांगा. मेजर टेप घेऊन बिंदू चौकापासून निघावं, कुठलाही 100 मीटर रस्ता मोजावा: खांब, झाडं, गाड्या, उघडी झाकणं, सगळं कागदावर. दुपारी एकला सावली कुठं आहे तेही. रविवार यात गेला आणि ती कंटाळून परत आली, तर सुंदर फुटपाथचं आकर्षण तेवढ्यापुरतं होतं असं समजा. दुसऱ्या रविवारी आपणहून निघाली, तर नाटाच्या तयारीला लावा. चित्राचा हात बसायला वेळ लागतो. तो कागद मला पाठवा. तुमच्या दारातलं पार्किंग तिनं कुठं नेलंय, ते मला बघायचंय.