आई कार्यक्रमात कडेला का बसते?

मी समुपदेशक आहे. आई किंवा वडील वृद्धाश्रमात असलेली मुले माझ्याकडे वारंवार एकच काळजी घेऊन येतात. आश्रमातून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत आई कडेला गप्प बसलेली दिसते, तेव्हा तिची तेथे आबाळ तर होत नसेल ना? त्याला जोडूनच, जरा खालच्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो: तेथील मावशींच्या हातावर अधूनमधून काही ठेवले तर त्या जास्त लक्ष देतील का? हे दोन प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले असू शकतात, ते पुढील अनुभवावरून दिसेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा पुण्यात नोकरीला होता. औसा तालुक्यातील शेतकरी घरातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई पतीच्या निधनानंतर लातूरजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला आल्या होत्या. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पंगती बसवण्याच्या इकडच्या 'येळवस' या सणाला, आश्रमाने मंडप घातला, भज्जी, आंबिल आणि उंडे बाहेरून मागवले, गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. आणि फोटोत आई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. मुलाने त्याच आठवड्यात माझी वेळ घेतली.

अशा वेळी मी प्रथम साधी शारीरिक कारणे तपासते. वयानुसार ऐकू कमी येऊ लागते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि श्रवणयंत्र लावले तर गोंगाटही वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर माणूस मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरतो. स्मृतिभ्रंश असणाऱ्यांचा गोंधळ संध्याकाळी वाढू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी सकाळचा कार्यक्रम बरा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जेवण तुटले असेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी. आणि अंगावर वळ, पाठीला जखमा किंवा एखादी विशिष्ट व्यक्ती खोलीत येताच बोलणे बंद होणे, असे काही दिसले तर समुपदेशकाच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टर, व्यवस्थापन आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन गाठावी.

या आईंच्या बाबतीत यातले काही नव्हते. मुलाला बाहेर बसवून मी त्यांच्याशी एकट्याने बोलले, तेव्हा त्या आंघोळीवरून सुरू झाल्या. सोलरचे गरम पाणी सकाळी पहिल्या चार-पाच जणींनाच पुरते. "पोरगा येतोय तवा मावशीला पाचशेची नोट देतोय, म्हनून माझी आंघोळ रोज पहिली. शेजारच्या खाटंवरलीला कुनीच न्हाई, तिला कोमट पानी. मग म्या त्येंच्यात कुठल्या तोंडानं बसू?" थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, "येळवशीला आंबिल म्या रांधायची, गडीमानसांना आधी वाढायची. हितं खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवाय लावत्यात. पाव्हनी हाव का म्या?"

मुलाला हे ऐकून धक्का बसला, आणि लगेच मावशींची तक्रार करण्याची भाषा त्याने सुरू केली. ते मी थांबवले. बारा तासांच्या पाळीत, तुटपुंज्या पगारावर अनेकांची अंगे पुसणाऱ्या बाईने मिळालेली नोट परत करावी, ही अपेक्षा पैसे देणाऱ्याने ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. बदल पाकिटापासून करायचा होता. व्यवस्थापकांशी बोलून असे ठरले की नातेवाइकांनी जे द्यायचे ते पावती घेऊन सामाईक निधीत द्यावे, आणि त्याची वाटणी रात्रपाळी, स्वयंपाकघर, धुणे व सफाई यांसह सर्व कर्मचाऱ्यांत सारखी व्हावी. आंघोळीचा क्रम आठवड्याने फिरता झाला.

संक्रांत तोंडावर आली होती. आश्रमात दरवर्षी बाहेरच्या महिला मंडळाचे हळदीकुंकू होत असे, ज्यात विधवा आजी साहजिकच मागे राहत. यंदा रथसप्तमीपूर्वी एक दिवस आश्रमातील रहिवाशांनीच कर्मचाऱ्यांना, बाया आणि पुरुष दोघांनाही, तिळगूळ आणि वाण द्यावे, असे मी सुचवले. वाण म्हणून काय द्यायचे यावर दोन संध्याकाळी वाद झाला आणि शेवटी झाकणाचे स्टीलचे डबे आले. आदल्या रात्री या आईंनी ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवले, सकाळी खुर्चीवर बसून आंबिल ढवळली आणि मावशींना ओळीने बसवून वाढली. गोलमोल आभारांऐवजी प्रत्येकाने एकेक नेमकी गोष्ट सांगावी, एवढाच माझा आग्रह होता. एका आजोबांनी धुणेवाल्या दादांना सांगितले, "माझ्या सदऱ्याची तुटलेली गुंडी तू न सांगता लावलीस." दादा बराच वेळ डबा हातात घेऊन उभे होते.

मुलाला मी आता फोटोत आई कोठे बसली आहे हे न शोधता, कार्यक्रमात तिच्याकडे कोणते काम होते, हे फोनवर विचारायला सांगितले आहे. शेजारच्या खाटेवरील आजींची चौकशीही तो करतो. रात्रपाळीच्या दोघी दिवसाच्या कार्यक्रमाला येऊ शकल्या नाहीत, त्यांचे वाण आजींनी पाळी बदलताना दिले. साप्ताहिक सुट्टी आणि वाढीव पगाराचा विषय मात्र डब्यांनी सुटणारा नाही. त्यावर व्यवस्थापनाची विश्वस्तांबरोबर बैठक व्हायची आहे.