ट्रान्झिस्टर तपासताना सुरुवातीला एवढे पाळा

ट्रान्झिस्टरचे बेस, कलेक्टर आणि एमिटर कोणते हे तपासणीचे उपकरण म्हणजे अ‍ॅनालायझर स्वतःच ओळखतो, त्यामुळे तिन्ही टोके कशीही जोडली तरी चालतात. नवशिक्यांची मोठी चूक म्हणजे बोर्डावर बसलेलाच ट्रान्झिस्टर तपासणे. शेजारच्या रेझिस्टरांमुळे वाचन चुकते आणि भरलेला कपॅसिटर तर उपकरणच जाळू शकतो. आधी डिसोल्डर करा, म्हणजे सोल्डर वितळवून तो बोर्डावरून काढा.

- आपल्या ठाण्याच्या दमट हवेत जुन्या भागांचे पाय काळवंडतात; ते खरवडल्याशिवाय ‘खराब’ असा निकाल मानू नका.
- बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे ०.७ व्होल्ट दिसल्यास ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा, ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसल्यास बहुधा जर्मेनियमचा.
- बीसी५४७बी या ट्रान्झिस्टरचा गेन (बेसचा प्रवाह किती पटीने वाढतो तो आकडा) २०० ते ४५० यांत कुठेही असू शकतो. बोटांच्या उबेनेही तो वाढतो, म्हणून ट्रान्झिस्टर हातात धरून मोजू नका.

लीकेजचा, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या प्रवाहाचा, विचार तूर्त नको.