हौसेने बांधलेल्या गॅरेजला नोटीस आली. आता काय करावे?

प्रश्न : माझ्या मालकीच्या भूखंडावर माझा बंगला आहे. मंजूर नकाशात मागच्या कोपऱ्यात एका मोटारीपुरते गॅरेज दाखवलेले होते. जुन्या मोटारी स्वतः दुरुस्त करण्याची मला हौस आहे, म्हणून गेल्या वर्षी ते गॅरेज वाढवून बाजूच्या कुंपणभिंतीपर्यंत नेले, छत उंच करून पत्रे टाकले आणि आत दोन खांबांची लिफ्ट, गाडीखाली उतरून काम करण्यासाठी खड्डा, कॉम्प्रेसर व इपॉक्सीची जमीन केली. ‘गाडीच्या शेडला परवानगी लागत नाही’ असे कंत्राटदाराने सांगितल्याने परवानगी घेतली नाही. छताचे पाणी, रात्रीचा आवाज आणि रंगाचा वास यांबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि आता नगरपालिकेची कलम ५३ ची नोटीस आली आहे. मित्रांच्या गाड्याही मी कधीमधी दुरुस्त करून देतो. सगळे पाडावे लागेल का? दिवाणी न्यायालयातून स्थगिती मिळेल का?

उत्तर : आपले पत्र आणि सोबत जोडलेल्या नोटिशीची प्रत मी काळजीपूर्वक वाचली. सगळे पाडावे लागेल असे मला वाटत नाही. मात्र कुंपणभिंतीला टेकलेला भाग वाचवता येईल असेही मला वाटत नाही, आणि हे दुसरे वास्तव आपण जितक्या लवकर स्वीकाराल तितके उरलेले गॅरेज वाचवणे सोपे जाईल. माझ्या पुढच्या सगळ्या सल्ल्याचा रोख हाच आहे.

सर्वांत आधी मुदतीकडे पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली आलेल्या नोटिशीत किती दिवसांत बांधकाम काढावे हे लिहिलेले असते, आणि त्याच मुदतीच्या आत कलम ५३ (३) अन्वये आपल्याला एक मौल्यवान हक्क मिळतो : नोटिशीत उल्लेखिलेले बांधकाम तसेच ठेवू द्यावे, यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करण्याचा. असा अर्ज मुदतीत दाखल झाला की त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ नोटिशीच्या बळावर बांधकामाला हात लावता येत नाही, असे कायदाच सांगतो. बहुतेक लोक या मुदतीत नोटिशीला लांबलचक खुलासा पाठवतात, ओळखीच्या माणसाकडून फोन करवतात, आणि अर्ज मात्र करत नाहीत. खुलासा म्हणजे अर्ज नव्हे. वास्तुविशारदाकडून प्रत्यक्ष मोजमापाचा नकाशा काढून घेऊन, विहित नमुन्यात आणि शुल्क भरून अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोहोच घ्या आणि त्या पोहोचेची प्रत जोडून नोटिशीला दोन ओळींचे उत्तर वेगळे पाठवा.

आपल्या नोटिशीत दिलेली मुदत फार थोडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामासंबंधी दिलेल्या निर्देशांनुसार, स्थानिक कायद्यातील मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस, यांपैकी जी मुदत नंतर संपते ती संबंधिताला मिळायला हवी. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून बांधकामावर चिकटवायला हवी. आणि पाडण्याचा अंतिम आदेश झाल्यावरही पंधरा दिवस थांबायला हवे. रस्ता, पदपथ किंवा नदी-नाल्यालगतच्या अतिक्रमणांना हे संरक्षण नाही, पण आपले बांधकाम खाजगी भूखंडावर आहे. असे असले तरी या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. नोटिशीतली मुदत हीच आपली मुदत मानून अर्ज दाखल करा आणि हे निर्देश अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा.

आता परवानगी कशाला लागत होती आणि कशाला नव्हती ते पाहू. कंत्राटदाराचे विधान अर्धवट ज्ञानातून आलेले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४३ च्या परंतुकात (म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात), ज्या कामांचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो किंवा ज्यांमुळे तिच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, अशा दुरुस्ती-सुधारणेच्या कामांना परवानगीतून सूट दिलेली आहे. इपॉक्सीची जमीन, भिंतीवरची हत्यारांची फळी, कपाटे, दिवे ही सर्व सजावट या सवलतीत बसते, आणि लिफ्ट हे बोल्टने बसवलेले, काढता येणारे यंत्र असल्याने तीही बांधकाम नव्हे, अशी भूमिका आपण घेऊ शकतो. परंतु नवे खांब, वाढवलेली लांबी-रुंदी आणि उचललेले छत ही सवलतीत कधीच बसत नव्हती. ‘शेड’ म्हटल्याने किंवा वर स्लॅबऐवजी पत्रे टाकल्याने त्यांत फरक पडत नाही. म्हणून नोटिशीला उत्तर देताना आतील सामग्री आणि बाहेरील बांधकाम यांची सरमिसळ होऊ देऊ नका. नोटिशीत ‘अनधिकृत वर्कशॉप’ असा मोघम शब्द आहे. आपल्या अर्जात मात्र मूळ मंजूर गॅरेज, मागच्या बाजूची वाढ, कुंपणाकडील वाढ आणि छताची उंची या चार गोष्टी नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवलेल्या असाव्यात.

यांतील कुंपणाकडील वाढ ही खरी अडचण आहे. भूखंडाच्या हद्दीपासून मोकळे सोडायचे सामासिक अंतर हे मालकाच्या सोयीसाठी नसते. उजेड-वारा, आगीच्या वेळी माणसांना शिरायला वाट आणि शेजाऱ्याला मोकळीक यांसाठी ते राखलेले असते, आणि ते बुजवणारे बांधकाम नियमित करण्यास नियोजन प्राधिकरण (इथे आपली नगरपालिका) सहसा तयार होत नाही. अनधिकृत बांधकाम केवळ जुने झाले किंवा त्यावर बराच पैसा खर्च झाला म्हणून कायदेशीर ठरत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका डिसेंबर २०२४ च्या निकालातही पुन्हा स्पष्ट झाली आहे. म्हणून माझा आग्रह असा की अर्जासोबत एक हमीपत्र द्यावे : सामासिक अंतरातील भाग आपण स्वखर्चाने, ठरावीक दिवसांत काढून घेऊ आणि उरलेल्या भागापुरतीच परवानगी मागत आहोत. चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) शिल्लक असेल आणि राहिलेली मोजमापे आपल्याला लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत बसत असतील, तर विकास शुल्क व प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठी भरायची रक्कम) भरून हा भाग नियमित होण्याची चांगली शक्यता आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत खाजगी गॅरेजचे किमान माप ३ मीटर बाय ६ मीटर धरलेले आहे. त्याहून मोठे गॅरेज मागताना ते घराला पूरक का आहे हे सांगण्याची जबाबदारी आपली राहील.

उंचीबाबत माझे मत थोडे आशावादी आहे. दीड मीटर उंचीची मोटार, तिच्याखाली माणूस उभा राहू शकेल अशी १.८ मीटर उचलायची तर गाडीच्या टपापर्यंतच ३.३ मीटर होतात, म्हणजे नेहमीच्या वाहनतळाच्या उंचीत ही लिफ्ट चालणारच नाही. हे गणित वास्तुविशारदाने अर्जात आकृतीसह मांडावे. उंची का वाढवली याचे तांत्रिक कारण लेखी असले की अधिकाऱ्याला विचार करायला आधार मिळतो. सोबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडा. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडीचे सगळे वजन दोन तळपट्ट्या आणि त्यांच्या अँकर बोल्टवरून खालच्या काँक्रीटमध्ये उतरते, त्यामुळे काँक्रीटची जाडी व प्रत पुरेशी आहे हे कोणीतरी जबाबदारीने सांगायला हवे. हे मी केवळ कागद वाढवण्यासाठी सुचवत नाही. त्या गाडीखाली आपण स्वतः उभे राहणार आहात.

दिवाणी न्यायालयाच्या स्थगितीवर मी भिस्त ठेवणार नाही. त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाची नोटीस किंवा आदेश यांना दाव्यात आव्हान देता येत नाही. अधिकारच नसलेल्या व्यक्तीने काढलेल्या किंवा उघडउघड बेकायदा नोटिशीच्या बाबतीत न्यायालये अपवाद करतात, पण विनापरवानगी बांधकाम झाल्याचे आपण स्वतःच मान्य करत असताना तो अपवाद आपल्या उपयोगाचा नाही. आपला अर्ज नाकारला गेला तर कलम ४७ खाली, आदेश कळवल्यापासून चाळीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. तो राजमार्ग आहे. याउलट काहीच न करता मुदत घालवली तर प्राधिकरण बांधकाम पाडून त्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकते आणि कलम ५२ खाली फौजदारी खटलाही भरू शकते, ज्यात कारावासाची तरतूद आहे.

शेजाऱ्यांकडे आपण केवळ तक्रारदार म्हणून पाहता आहात, असे पत्राच्या सुरावरून जाणवले. त्यांच्या तिन्ही तक्रारी मला खऱ्या वाटतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पत्र्यांचा उतार त्यांच्या बाजूला आहे, पन्हळ नाही आणि पागोळ्या थेट त्यांच्या अंगणात पडत आहेत. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला ओलीचा काळा पट्टा स्पष्ट दिसतो. आपल्या छताचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीत सोडण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि एवढ्या एका कारणावर ते दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मागू शकतात. पालिकेच्या नोटिशीविरुद्धचा दाव्याचा मार्ग आपल्याला बंद असला तरी आपल्याविरुद्धचा त्यांचा मार्ग मोकळा आहे, ही गोष्ट विसरू नका. ते न्यायालयात जातील अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्यालाही ऐकून घ्यावे अशी न्यायालयाला आगाऊ सूचना, दाखल करून ठेवा. ते नव्वद दिवस टिकते आणि तेवढ्या काळात आपले म्हणणे न ऐकता अंतरिम आदेश होण्याचा धोका टळतो. पण त्याआधी पन्हळ बसवा, आणि बसवल्यावर त्यांना स्वतः जाऊन सांगा. कॉम्प्रेसरबद्दल सांगायचे तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रात्री दहानंतर कॉम्प्रेसर बंद, हा नियम आजपासूनच पाळा. तो लिहून शेजाऱ्यांना दिलात तर उत्तमच.

खड्डा आणि इंधन यांविषयी नोटिशीत काहीच नाही, तरीही स्थळपाहणीच्या वेळी हाच विषय निघण्याची मला अधिक भीती वाटते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. धातूचा डबा पंचवीस लिटरपेक्षा मोठा नसावा आणि त्याचे झाकण घट्ट असावे. वाहनमालकाला स्वतःच्या वाहनासाठी याहून काहीशी अधिक मोकळीक आहे, पण साठा तीस लिटरच्या पुढे गेला की तो माणसे राहतात किंवा काम करतात अशा खोलीशी न जोडलेल्या, वेगळ्या जागीच हवा. आपले गॅरेज आतल्या दाराने स्वयंपाकघराला जोडलेले आहे, तेव्हा गॅरेजात ठेवलेले प्लास्टिकचे कॅन पाहणीपूर्वीच नव्हे, आजच बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते, आणि आपल्या छायाचित्रात खड्ड्याच्या भिंतीवरच साधा विजेचा सॉकेट दिसतो. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो सॉकेट काढलाच पाहिजे. जळके तेल गटारात किंवा मातीत न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या आणि त्याच्या पावत्या जपा.

मित्रांच्या गाड्यांबद्दल आपण जाता जाता लिहिले आहे, पण हा मुद्दा तितका किरकोळ नाही. हौस म्हणून स्वतःची गाडी दुरुस्त करणे हा निवासी वापराचा भाग मानता येतो. मोबदला घेऊन इतरांच्या गाड्या दुरुस्त करणे हा वापरातील बदल ठरतो, आणि नगररचना अधिनियमात ‘विकास’ या संज्ञेत वापरातील लक्षणीय बदलही येतो. शिवाय घरगुती जोडणीवरची वीज व्यवसायासाठी वापरली असे आढळले तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. सुट्या भागांचे पैसे मित्रांनी परस्पर दुकानदाराला द्यावेत, आपल्या खात्यात काहीही घेऊ नये, आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत दारात दुसऱ्याची गाडी उभीच करू नये, असे मी सुचवीन. नोटिशीतला ‘वर्कशॉप’ हा शब्द खोडून काढायचा असेल तर पाहणीच्या दिवशी गॅरेजात फक्त आपल्या नावावर नोंदलेली वाहने असावीत आणि त्यांची नोंदणी प्रमाणपत्रे हाताशी असावीत.

राहता राहिला कंत्राटदार. परवानगीची जबाबदारी मालक म्हणून आपलीच होती, त्यामुळे त्याच्या आश्वासनाचा पालिकेपुढे काहीही उपयोग नाही. मात्र त्याच्याविरुद्ध आपला दावा स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. बांधकामाची सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. ‘परवानगी लागत नाही’ हे त्याने फक्त तोंडी सांगितले असेल तर सिद्ध करणे अवघड जाईल. तेव्हा त्याच्याबरोबरचे मोबाईलवरील संदेश, अंदाजपत्रक आणि बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी आताच एकत्र करा, आणि कुंपणाकडचा भाग काढायचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नका. ते काम संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली, छताला तात्पुरता आधार देऊनच व्हावे, आणि आधीची व नंतरची तारखेसह छायाचित्रे अर्जाच्या फायलीत जोडली जावीत.