ध्रुवण की ध्रुवीकरण?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका हौशी रेडिओवाल्यांचा प्रश्न: लांब पल्ल्याच्या एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ संपर्काविषयी मराठीत व्याख्यान द्यायचंय. पोलरायझेशनला, म्हणजे लहरीचं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेत कंप पावतं त्या गुणाला, ‘ध्रुवीकरण’ म्हणू का? राइट हँड, लेफ्ट हँड सर्क्युलरला काय म्हणू?

मी ‘ध्रुवण’ म्हणेन. ध्रुवीकरण म्हटलं की पेपर वाचणाऱ्याला मतांचंच आठवतं, पण ते गौण. ‘करण’ म्हणजे जे तसं नव्हतं ते तसं करणं. सूर्यप्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं मिसळलेली असतात, पोलरॉइड गॉगल त्यातली एकच दिशा सोडतो. तिथे ध्रुवीकरण चालेल. तुमच्या गच्चीवरच्या आडव्या डायपोलमधून (सरळ तारेच्या अँटेनातून) मात्र लहर निघते तीच आडव्या विद्युत क्षेत्राची. तो तिचा जन्मजात गुण. म्हणून आडवं ध्रुवण, उभं ध्रुवण. (ध्रुवांशी तसा दोन्ही शब्दांचा संबंध नाहीच. 1808 मध्ये परावर्तित प्रकाशात हा गुण टिपणाऱ्या मालूसला वाटलं की प्रकाशकणांना चुंबकासारखे ध्रुव असतात. कल्पना मागे पडली, नाव राहिलं.)

खरी गंमत वर आहे. 3 ते 30 मेगाहर्ट्झची, म्हणजे एचएफ लहर आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) शिरली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्या दोन होतात: साधारण आणि असाधारण. दोघींचं ध्रुवण बहुधा गोल फिरणारं, पण उलट दिशांना, वेगही वेगळे. खाली येऊन त्या एकत्र होतात तोवर आडवं निघालेलं ध्रुवण तिरकं, कधी चक्क उभं झालेलं असतं. आयनांबर स्वस्थ नसल्याने तो कोनही टिकत नाही. आडव्या तारेवर सिग्नल बुडतो, वर येतो. तुमच्या भाषेत क्यूएसबी. उपाय म्हणजे काटकोनात दोन डायपोल लावायचे आणि एकाच्या सिग्नलला 90 अंशांचं कलांतर (फेजमधला फरक) देऊन दोन्ही जोडायचे. मग एकच लहर घेता येते, दुसरी गाळता येते, आणि दोघींच्या काटाकाटीतून होणारं क्यूएसबी बरंच उतरतं.

या दोघींच्या ध्रुवणाला उजवं आणि डावं वर्तुळाकार ध्रुवण म्हणा. दक्षिणावर्त, वामावर्त हे शंखालाच शोभतं. पण कोणीकडून पाहिलं ते सांगाच. रेडिओवाले लहर आपल्यापासून दूर जाताना पाहतात. घड्याळाच्या काट्यांसारखी फिरली तर उजवी. प्रकाशशास्त्राच्या जुन्या रूढीत ती समोरून येताना पाहतात, त्यामुळे तीच लहर डावी ठरते. श्रोत्यांत फिजिक्सचे कोणी सर असतील तर हात इथेच वर होईल.